डाळिंबाच्या सालीचं औषध करायचंय

सोलापूरच्या एका 24 वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, आता एमआयडीसीतल्या एका बल्क ड्रगच्या (औषधांचा मूळ माल बनवणाऱ्या) कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला आहे. पगार 18 हजार. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, धाकटा भाऊ बारावीला. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये तिने डाळिंबाच्या सालीचा अर्क काढला आणि बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर तपासून घेतला. 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला 68 टक्के पेशी मेल्या, असा रिपोर्ट आला. मामा म्हणतात, सालीच्या कॅप्सूल काढू, भांडवल मी घालतो. कॉलेजातले गाइड म्हणतात, जरा डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर पाहणं) जोड, पेपर टाक आणि पीएचडीला लाग. मैत्रीण म्हणते, औषधं आता एआय शोधतं, आपण दोघी दीड लाखाचा ऑनलाइन कोर्स हप्त्यांवर घेऊ. ती लिहिते, "मॅडम, माझ्या हातात औषध आहे आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचे पीक (तपासणी यंत्राच्या आलेखावरची टोकं) मोजत बसते. पाच-सहा वर्षं पीएचडीत घालवू, की नोकरी सोडून यातलं काहीतरी लवकर करू?"

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'माझ्या हातात औषध आहे' या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबले, कारण पंचवीस वर्षांपूर्वी मीही जवळजवळ याच शब्दांत आईला फोन केला होता. मी तेव्हा एका कंपनीत औषध-रसायनशास्त्राच्या गटात होते. मी बनवलेल्या एका रेणूने एन्झाइमवरच्या चाचणीत सगळ्यांत चांगला आकडा दिला होता. तीन आठवड्यांनी उंदरांच्या रक्तातले आकडे आले. औषध दिल्यावर पंधरा मिनिटांनी थोडंसं, अर्ध्या तासाने काहीच नाही. लिव्हरने माझा रेणू खाऊन टाकला होता. लिव्हर नेमकं कुठे घाव घालतं ते शोधून आम्ही तिथे फ्लोरिनचा अणू बसवला, रेणू काही तास टिकायला लागला, आणि मग दुसऱ्या प्राण्यात त्याचा त्रास दिसला. दोन वर्षांनी काम बंद झालं. मला त्या दोन वर्षांचं वाईट वाटत नाही. त्या फोनच्या वेळी माझ्या हातात औषध नव्हतं, एक चांगला प्रश्न होता, हे समजायला मला तेवढा वेळ लागला. तुला तो लागू नये म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी तुझ्या सालीकडे पाहू. घरी लोखंडी विळी असेल तर तिच्यावर डाळिंब चीर आणि पातं पुसू नकोस. थोड्या वेळाने पात्यावर काळा-निळा डाग धरलेला दिसेल. तो सालीतल्या टॅनिनचा. साल जिभेला तुरट लागते ती टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून. कातडं कमावायला साल वापरत ती त्याच कारणाने, आणि सुतावर साल रंग धरते त्यामागेही हेच टॅनिन. जो पदार्थ दिसेल त्या प्रथिनाला आणि धातूला चिकटतो, तो चाचणीच्या खाचा-खाचांच्या प्लेटमध्येही जवळजवळ प्रत्येक गोष्टीला चिकटणार. मग एकाच अर्काचा 'परिणाम' कॅन्सरवर, मधुमेहावर, जंतूंवर, सगळीकडे दिसतो. वाचणाऱ्याला वाटतं केवढा गुणी पदार्थ, पण आमच्या धंद्यात सगळीकडे काम करणारा रेणू दिसला की पहिली शंका येते. 2010 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा चाचण्यांना फसवणाऱ्या रेणूंच्या ठेवणींची एक मोठी यादीच प्रसिद्ध केली. आज कुठलाही गंभीर गट नवा रेणू त्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

तुझ्या निकालात आणखी एक खाचखळगा आहे. टॅनिन आणि तशी पॉलिफेनॉल पेशी वाढवायच्या द्रवात टाकली की ती हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर टाकल्यावर फेसाळतं तेच. म्हणजे तुझ्या प्लेटमधल्या 68 टक्के पेशी सालीने नव्हे, पेरॉक्साइडने मारल्या असतील. हे ओळखायचा उपाय सोपा आहे. तीच चाचणी कॅटॅलेज घालून पुन्हा करायची. कॅटॅलेज पेरॉक्साइड मोडून टाकतं. पेशी जगल्या, तर तुझा 'परिणाम' बाटलीतला होता, शरीरात तो असाच होईल असं धरता येत नाही. पेशी तरीही मेल्या, तर प्रश्न जिवंत आहे. सोबत निरोगी पेशींवरही तोच अर्क लावून घे. कॅन्सरच्या आणि चांगल्या पेशी सारख्याच मरत असतील, तर तुला मिळालं ते विष आहे. आणि एका खाचेत पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटीचा रंग घालायला सांग (हा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात, त्यावरूनच किती जगल्या ते मोजतात). सालीतले घटक स्वतःच त्या रंगाला जांभळं करू शकतात, तसं झालं तर कुठलाच आकडा विश्वासाचा राहत नाही.

आता थोडा हिशोब कर, तुला आकडे आवडतात हे पत्रावरून दिसतंच. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे अर्धा ग्रॅम अर्क, सगळाच्या सगळा, एकाच वेळी रक्तात हवा. सालीतला मुख्य रेणू प्युनिकॅलाजिन, त्याचा रेणुभार सुमारे 1084. 1997 मध्ये ख्रिस्तोफर लिपिन्स्की आणि सहकाऱ्यांनी तोंडाने घ्यायच्या औषधांसाठी जो ठोकताळा मांडला, त्यात रेणुभार 500 च्या आत असावा असं म्हटलंय. अपवाद आहेत, पण दुपटीहून जड आणि हायड्रॉक्सिल गटांनी लगडलेला रेणू आतड्याची भिंत आख्खा ओलांडून जाणं कठीणच. खरं तर तो पोटात मोडतो, त्याचं इलॅजिक आम्ल होतं, आणि आतड्यातले जीवाणू त्यापासून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात. रक्तात पोचतात ते मुख्यतः हे. आणि ते बनवणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात! तेच डाळिंब खाऊन एकाच्या रक्तात युरोलिथिन सापडेल, दुसऱ्याच्या नाही. मला विचारशील तर सालीपेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आणि सुंदर आहे, आणि जगभर त्यावर काम चालू आहे. तुझ्या प्लेटमधल्या पेशींना मात्र पोट नव्हतं, लिव्हर नव्हतं, ते जीवाणूही नव्हते.

हे वाचून मन खट्टू होईल, माहीत आहे. पण झाडातून औषधं येतच नाहीत असं मी म्हणत नाही. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रुग्णांवर नीट नोंदी ठेवून दाखवला आणि 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापला. त्यानंतर जगाचं लक्ष तिकडे गेलं, आणि 1952 मध्ये त्यातलं रेसर्पिन वेगळं झालं. चीनच्या तू योयो यांना मलेरियावरच्या जुन्या ग्रंथात एक ओळ सापडली, वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा अशी. उकळायचं त्यात कुठे नव्हतं. त्यावरून त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेने गुण जात असावा. 1971 मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि पुढे आर्टेमिसिनिन हाती आलं. 2015 चं नोबेल त्याचं. जुन्या ज्ञानाने त्यांना प्रश्न दिला आणि उत्तर प्रयोगाने दिलं. दोन्हींचा मान राखला गेला.

पण तुझ्यासाठी सगळ्यांत जवळचं उदाहरण तुझ्याच टेबलावर आहे. तू लिहिलंयस की सध्या तुझ्याकडे मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या बॅचेस असतात. सोलापूरच्या आसपास अमाइन बनवणारे कारखाने आहेत, आणि मेटफॉर्मिनसाठी लागणारं डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड हे त्याच कुळातलं. हे औषध आलं कुठून माहीत आहे? युरोपात गॅलेगा नावाची निळसर-जांभळ्या फुलांची एक वनस्पती आहे, खूप तहान आणि खूप लघवी यांवर ती जुन्या काळापासून देत. तिच्यात ग्वानिडिनच्या जातीचे रेणू सापडले. ते साखर उतरवत, पण विषारी होते. रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या भोवती फिरत राहिले, रचना बदलत राहिले. मेटफॉर्मिन 1922 मध्ये डब्लिनमध्ये बनलं आणि पडून राहिलं. 1957 मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी ते मधुमेही रुग्णांना दिल्याचे निकाल छापले. अमेरिकेत परवानगी मिळाली 1994 मध्ये. म्हणजे तू रोज मोजतेस तो रेणू कुठल्याच झाडात नाही. झाडाने दिशा दाखवली, औषध माणसांनी घडवलं, आणि घडवायला अनेक वर्षं अनेक हात लागले.

त्यातला एक हात तुझा आहे, हे तुझ्या पत्रात कुठेच दिसलं नाही म्हणून मुद्दाम सांगते. 2020 मध्ये मेटफॉर्मिनच्या काही गोळ्या अमेरिकेत बाजारातून परत घ्याव्या लागल्या, कारण त्यांत एनडीएमए हा कॅन्सरकारक समजला जाणारा पदार्थ मर्यादेपेक्षा जास्त निघाला. मर्यादा किती? दिवसाला 96 नॅनोग्रॅम. डायमिथाइल अमाइन मालात शिल्लक राहिलं आणि त्याची नायट्राइटशी गाठ पडली, तर हे होऊ शकतं. हे पकडतं कोण? दिवसभर पीक बघत बसणारं माणूस. 'दुसऱ्यांच्या मालाचे पीक' असं तू लिहिलंस, पण त्या गोळीच्या दुसऱ्या टोकाला रोज जेवणानंतर ती घेणारी कुणाची तरी आई असते.

मामांच्या कॅप्सूलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. त्यांची तुझ्यावर माया आहे आणि पैसे घालायची तयारी आहे, दोन्ही मोलाचं. पण 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांत कॅन्सर आहे आणि मधुमेहही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. 'कॅन्सरवर' असं ऐकून कुणी बाई केमो अर्धवट सोडून तुझी कॅप्सूल घेईल. मी असं घडलेलं जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला अधिक लिहवत नाही. नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही, हे गृहीत धरू नकोस. गॅलेगा नैसर्गिकच होती. मामांना सालीत पैसा घालायचाच असेल, तर सोलापुरात सुताची आणि रंगाची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सालीची पूड नैसर्गिक रंगकाम करणारे वापरतात. तो धंदा उजळ माथ्याने करता येईल आणि तुझ्या टॅनिनच्या मोजमापाचा त्यात थेट उपयोगही होईल.

सालीच्या औषधाचा सरळ रस्ता आपल्या देशात आहे, लांब असला तरी. 2015 पासून आपल्या नियमांत 'फायटोफार्मास्युटिकल' असा वेगळा प्रकार आहे. वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अंश, ज्यातले किमान चार घटक ओळखून मोजलेले हवेत. त्यापुढे सुरक्षिततेच्या आणि माणसांवरच्या चाचण्या आल्याच. तो 'मोजलेले' शब्द परत वाच. भागवा जातीच्या डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलाजिन किती, मृग बहाराच्या फळात किती, हस्त बहाराच्या फळात किती, साल उन्हात वाळवली तर किती उरतं, सावलीत किती? हे तू एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) करू शकतेस. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, विद्यापीठही तिथेच. ओळखीच्या झाडाची साल, तारखेसकट, मागायला जाण्याइतकं हे जवळ आहे.

आता डॉकिंग आणि एआय. तुझ्या गाइडांचा हेतू चांगला आहे, पण डॉकिंगला कुठलाही रेणू दिला तरी ते काहीतरी आकडा देतंच. हजारो रेणूंतून पन्नास निवडून ते प्रत्यक्ष तपासायचे असतील तेव्हा ते कामाचं. आधीच मिळालेल्या निकालाला शोभा म्हणून जोडलं, तर त्याने काही सिद्ध होत नाही. शिवाय तुझ्या अर्कात शंभर रेणू आहेत, डॉक कुठला करणार?

एआयबद्दल मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. प्रथिनांची घडी कशी पडेल हे अल्फाफोल्ड नावाची एआय प्रणाली आता बहुतेक वेळा चांगलं सांगते, 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठीच गेला. 2025 मध्ये फुप्फुसं निबर होत जाणाऱ्या एका आजारावरच्या रेणूचे 71 रुग्णांवरचे निकाल आले. कुठल्या प्रथिनावर मारा करायचा आणि कुठल्या रेणूने, दोन्ही शोधताना एआय वापरलं होतं. निकाल आशादायक आहेत. पण मला तुला 2020 चं हॅलिसिन दाखवायचंय. अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने संगणकाला जंतुनाशक ओळखायला शिकवलं आणि मधुमेहासाठी तपासून बाजूला पडलेल्या एका रेणूत त्याने जंतू मारायचा गुण ओळखला. शिकवलं कशावर? सुमारे 2,300 रेणूंवर. ते सगळे आधी कुणीतरी प्लेटमध्ये ई. कोलाय जंतूंवर, एकेक करून, प्रामाणिकपणे तपासले होते. त्यातले आकडे तुझ्या 68 टक्क्यांसारखे शंकास्पद असते, तर संगणक शंकास्पदच शिकला असता. संगणकाला आज सगळ्यांत जास्त भूक आहे ती भरवशाच्या आकड्यांची. आणि इतकं सगळं असूनही माणसांवरच्या चाचण्यांत पोचलेल्या दहा रेणूंपैकी साधारण नऊ आजही गळतात.

म्हणून दीड लाखाचं कर्ज काढू नकोस. चेंबल, पबकेम, प्रोटीन डेटा बँक हे रेणूंच्या आणि प्रथिनांच्या माहितीचे साठे, आरडीकिट, स्विसएडीएमई ही रेणू तपासायची संगणकी साधनं, हे सगळं फुकट आहे. रोज रात्री तास-दीड तास पायथन या संगणकभाषेला दे. चेंबलमधून एकाच प्रथिनावर तपासलेले दोन-तीनशे रेणू काढ आणि रचनेतल्या कुठल्या बदलाने आकडा सुधारला, कुठल्याने बिघडला हे स्वतः लिहून काढ. रसायन येणारी आणि थोडं कोडिंगही येणारी व्यक्ती प्रत्येक गटाला हवी असते. मैत्रिणीला सोबत घे, दोघी मिळून केलंत तर टिकेल.

पीएचडी कर, पण नोकरी आज सोडू नकोस. सीएसआयआर-नेट किंवा गेट या देशपातळीवरच्या परीक्षांची तयारी करायला एक वर्ष दे. जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी छात्रवृत्ती) मिळाली तर महिन्याला 37 हजार आणि वर घरभाडं, म्हणजे आजच्या पगाराच्या दुप्पट. घरच्यांशी बोलताना हा आकडा आधी सांग. 'शिक्षण' म्हटलं की आईला खर्च दिसतो, तिला हे दिसायला हवं की घरात पैसे येत राहतील. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, तुला कुठली लागू होते ते बघ. पुण्याची एनसीएल, मोहालीची नायपर, लखनौची सीडीआरआय अशा सरकारी संशोधन संस्था आहेत, सगळीकडे अर्ज कर. गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजू नकोस. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. किती वर्षांत पदवी मिळाली, आज कुठे आहेत, आणि रेणू बनवल्यावर त्याची जैविक तपासणी करणारं शेजारी कोणी आहे का, हे तीन प्रश्न विचार. तिसऱ्याचं उत्तर 'बाहेर पाठवतो, रिपोर्ट येतो' असं आलं, तर दुसरा गाइड शोध. तू ते एकदा केलंयसच.

अशी पत्रं मला बरीच येतात. कुणाच्या आजोबांचा काढा असतो, कुणाच्या शेताच्या बांधावरचा पाला. त्या सगळ्यांनी आधी झाड नक्की कुठलं ते वनस्पतीशास्त्राच्या विभागात जाऊन ठरवून घ्यावं, वाळवलेला नमुना तिथे ठेवावा, कुठला भाग, कुठला महिना, किती पाणी, किती वेळ उकळलं हे वहीत लिहावं. काढ्याने बरं वाटलेल्यांची नावं लिहाल तशी न वाटलेल्यांचीही लिहा. डॉक्टरांचं चालू औषध कुणाचंही बंद करू नका.

आणि तू, पुढच्या पगारातून त्या लॅबला फक्त तीन गोष्टींचे पैसे भर: कॅटॅलेज घातलेली प्लेट, निरोगी पेशींची प्लेट आणि बिनपेशींची खाच. अर्क नवा काढ, जुना ऑक्सिडाइज झाला असेल. तिन्ही आकडे आले की, चांगले असोत की वाईट, मला जसेच्या तसे पाठव. वाट बघते.